आधी चानकी, मग भाकरी

भाकरी थापून झाल्या की परातीत शेवटी लिंबाएवढा गोळा उरतो. त्याची धड भाकरी होत नाही आणि तो टाकवतही नाही. मग त्याची चानकी होते, तळहाताएवढी छोटी भाकर, आणि ती घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या ताटात पडते. बहुतेक घरांत ती करून देतात. माझ्या सासूबाई करून देत नाहीत. त्या गोळाच पोराच्या हातावर ठेवतात.

मागच्या थंडीत आम्ही धुळ्याहून गावी गेलो होतो, अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठाला. भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती आणि सासूबाई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होत्या. माझी सहा वर्षांची मुलगी पाट ओढून शेजारी बसली. तिला गोळा मिळाला. तिने थापला, तर कडा चिरल्या. उचलायला गेली तर मधोमध फाटला. पुन्हा गोळा केला, तो परातीलाच चिकटून बसला. तिसऱ्यांदा तिने पीठ परातीत आपटलं. ‘‘मला नाही येत. मी नाही करणार.’’

माझा हात आपोआप पुढे गेला. सासूबाईंनी मान वर न करता मला सांगितलं, ‘‘तिन्हं तिले करू दे.’’ मग पोरीकडे वळून, ‘‘पानी कमी पडनं माय. बोटं वल्ली कर.’’ तिच्यासमोर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरलं आणि त्या आपल्या भाकरीकडे वळल्या. चौथी चानकी परातीतून अख्खी उठली. गोल नव्हती, एका बाजूला शेपूट आल्यासारखी दिसत होती. तव्यावर मात्र सासूबाईंनीच टाकली. तवा तापलेला, तिथे त्यांनी पोरीला हात लावू दिला नाही.

धुळ्यात बालवाडीच्या मुलांबरोबर मी अकरा वर्षं काढली आहेत. ‘मुलाला अडचणींची भीती वाटू नये, त्याने हौसेने भिडावं, यासाठी काय करायचं?’ हा प्रश्न पालकसभेत दर वर्षी येतो, आणि मी दर वर्षी काहीतरी पुस्तकी सांगत आले. त्या चुलीपुढच्या पाच मिनिटांत सासूबाईंनी जे केलं आणि जे केलं नाही, ते उलगडून सांगितलं असतं तर जास्त उपयोग झाला असता. आज ते करून बघते.

मूल एखाद्या अवघड गोष्टीपुढे उभं राहतं तेव्हा त्याच्या मनात दोन हिशेब चालतात. एक, हे मला जमेल का? दोन, नाही जमलं तर काय होईल? मोठी माणसं माझ्याकडे कशी बघतील, हसतील का, ओरडतील का? दोन्हींची उत्तरं बरी आली तर मूल पुढे होतं, आणि त्या पुढे होण्यालाच आपण उत्साह म्हणतो. उत्साह वेगळा काढून, चमच्याने भरवता येत नाही. ‘घाबरू नकोस, हिंमत धर’ म्हटल्याने यातला एकही हिशेब बदलत नाही, म्हणून ते वाक्य इतकं निकामी ठरतं.

पहिल्या हिशेबावर अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडणी केली. ‘हे आपल्याला जमेल’ हा विश्वास कुठून येतो? आधी काही जमलेलं असणं, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमताना बघणं, कुणी तरी ‘जमेल तुला’ म्हणणं, आणि त्या क्षणी अंगात काय चाललंय, छाती धडधडतेय का, ते. यातलं सगळ्यात वजनदार पहिलं: आधी स्वतःच्या हातून काहीतरी झालेलं असणं. आपण आईबाप मात्र सगळा जोर तिसऱ्यावर लावतो, बोलण्यावर. ते फुकट असतं ना!

आता गंमत बघा. हीच मुलं वर्षाची असताना अजिबात अशी नसतात. न्यू यॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळेपणी खेळतानाचं चालणं मोजलं. २०१२ साली आकडे छापून आले: तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! मी लग्नानंतर स्कूटर शिकायला घेतली, पहिल्याच दिवशी दोनदा पडले आणि चावी खिळ्याला अडकवली, ती सहा वर्षं तिथेच होती.

रांगणाऱ्या पोराला पडण्याची लाज नसते. ‘आपण पडलो’ एवढंच त्याला कळतं, ‘आपण पडणारे आहोत’ असं त्याच्या डोक्यात येत नाही. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हे पालटतं. मूल शेजारच्याच्या पाटीकडे बघायला लागतं, कुणाला किती ‘स्टार’ मिळाले ते मोजायला लागतं. याच वयात आपण पाहुण्यांसमोर त्याला उभं करून ‘म्हण बरं बाराचा पाढा’ सुरू करतो. म्हणजे तुलना करायची अक्कल त्याला नुकतीच आलेली असते, आणि आपण लगेच तिला खाद्य पुरवतो.

चानकीकडे परत येऊ, कारण माझ्या मते सगळी मेख तिथे आहे.

लेव्ह वायगॉट्स्की नावाचा एक रशियन मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. १९३४ साली, चाळिशीही न गाठता क्षयाने गेला. त्याचं म्हणणं सोप्या भाषेत असं: काही कामं मुलाला एकट्याला येतात. काही कामं कितीही मदत केली तरी आज येणार नाहीत. या दोहोंच्या मधे एक पट्टा असतो, थोडा आधार मिळाला तर जमतील अशा कामांचा. शिकणं घडतं ते या पट्ट्यात. पट्ट्याच्या अलीकडे मूल कंटाळतं, पलीकडे हबकतं. पुढे १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना शिकवणारा नेमकं काय करतो ते पाहिलं, आणि त्या आधाराला नाव दिलं परांचीचं. इमारत बांधताना गवंडी बाहेरून बांबूची बांधतात ती परांची. घर उभं राहिलं की ती काढायची असते. आपल्याकडे कित्येक घरांत पोरगं कॉलेजात गेलं तरी परांची उतरलेली नसते.

माझ्या भावाला वडिलांनी मामांच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि वडील स्वतः पाण्यात. पहिले दोन दिवस दोर ताठ. मग तो सैल व्हायला लागला. नंतर नुसता पाण्यावर तरंगायचा, पण त्याचं टोक वडिलांच्या मुठीत असायचं आणि भावाला वाटायचं की आपण दोरावरच तरलोय. एक दिवस काठावर बसलेला चुलतभाऊ ओरडला, ‘‘अरे, दोर तर काकांनी कधीचा सोडला!’’ भाऊ तेवढं ऐकून एकदा गटांगळी खाऊन वर आला, आणि मग काय, संध्याकाळपर्यंत बाहेर यायला तयार नाही. (हे वाचून कुणी पोराला विहिरीत ढकलू नका. दोराच्या टोकाला पोहता येणारा माणूस होता, हे या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे.)

पण चानकीत याहूनही एक बारीक गोष्ट आहे, ती मला उशिरा लक्षात आली. आपण मुलाला ‘मदतीला’ घेतो तेव्हा काय देतो? वाटी आण, मीठ दे, हे धरून ठेव. ते मोठ्यांच्या कामाचे तुकडे असतात. त्यांना सुरुवात नसते, शेवट नसतो, आणि ‘हे मी केलं’ असं दाखवायला हातात काहीच राहत नाही. चानकी ही अख्खी भाकरी आहे, फक्त लहान. तवा सोडला तर गोळ्यापासून ताटात पडेपर्यंत सगळं तिचं. फसली तर लगेच दिसतं कुठे फसली, आणि पुन्हा गोळा करता येतो, पीठ वाया जात नाही. जमली तर खाता येते. बांदुराने सांगितलेलं ‘आधी जमलेलं असणं’ ते हेच. त्यातही कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारीबरोबर उडीद दळलेले. नुसत्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी, कडा पटकन चिरतात, उडदाने ते थोडं बांधलं जातं. तिची पहिली चानकी बाजरीची असती तर कदाचित त्या दिवशी भांडणच झालं असतं.

घरात अशा चानक्या शोधायला लागलं की सापडतात. सगळं घर झाडायला लावू नका, एक ओटा तिच्या नावावर करा. सगळी बाग नको, एक डब्यातलं मेथीचं रोप. पाहुण्यांना चहा नको, पाणी. बाजारात पूर्ण यादी नको, कोथिंबिरीची एक जुडी, भाव विचारण्यापासून सुटे मोजून घेण्यापर्यंत, तुम्ही चार पावलं मागे उभे राहून. आणि चानकी जमायला लागली की गोळा वाढवायचा. सहा महिने चानकीच करत राहिली तर तीही कंटाळणार. आमच्याकडे तिसऱ्या वेळेला सासूबाईंनी न विचारता मोठा गोळा दिला, तेव्हा तिने तक्रार केली, पण तक्रारीचा सूर वेगळा होता.

आता तो माझा पुढे गेलेला हात. त्याबद्दल मला जरा कबुली द्यायची आहे.

पोळ्याला आमच्याकडे मातीचे बैल करतात. दोन वर्षांपूर्वी हिने पहिला बैल केला. पाय चार होते, पण एक जाड, एक बारीक, आणि शिंगं वाळता वाळता खाली पडलेली. पाटावर मांडायचा, शेजारीपाजारी बघणार, म्हणून मी ‘थोडंसं’ नीट केलं. शिंगांत काड्या घातल्या, वशिंड गोल केलं, पाठीवर झूल रंगवली. सगळ्यांनी वाखाणला. पुढच्या वर्षी माती आणून दिली तर हिने ती माझ्यापुढे सरकवली. ‘‘तूच कर ना आई, तुझा छान होतो.’’ मी तिला बैल शिकवायला गेले आणि ती शिकली भलतंच.

२०२१ साली अमेरिकेत ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांवर नेमकं हेच तपासलं. मूल कोडं सोडवताना अडलं की काहींना मोठ्या माणसाने सूचना दिल्या, काहींच्या हातातून कोडं घेऊन ते सोडवूनच दिलं. त्यानंतर वेगळीच, अवघड वस्तू हातात दिली, तेव्हा ज्यांचं काम आधी कुणीतरी करून दिलं होतं त्या मुलांनी लवकर हात टेकले. करून देणारा प्रेमानेच देत असतो. मुलाला त्यातून ऐकू येतं ते मात्र ‘तुझ्याच्याने व्हायचं नाही’.

याच्याशी जोडलेला एक जुना प्रयोग आहे, वाचायला क्रूर वाटतो. १९६७ साली सेलिगमन आणि मेयर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले जे त्यांना काहीही केलं तरी थांबवता येत नव्हते. पुढे सुटकेची वाट खुली ठेवली तरी त्यातले बरेच कुत्रे पडूनच राहिले. ते हतबल व्हायला शिकले, असं म्हटलं गेलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, याच दोघांनी मेंदूवरचा नंतरचा अभ्यास पाहून लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. दीर्घ त्रासात हबकून गप्प बसणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया. शिकावं लागतं ते ‘माझ्या हालचालीने काहीतरी फरक पडतो’ हे. मला हे वाचून बरं वाटलं होतं. म्हणजे ‘मला नाही येत’ म्हणणारं मूल बिघडलेलं नसतं, त्याला अजून पुरेशा चानक्या मिळालेल्या नसतात.

सकाळी सातला रिक्षावाले काका हॉर्न वाजवतात तेव्हा बुटाची लेस मीच बांधते, हेही सांगून टाकते. हे सगळं रोज पाळायला गेलं तर शाळा बुडेल. रविवार आहे, सुट्ट्या आहेत, गाव आहे.

दुसरा हिशेब, नाही जमलं तर काय होईल, हा बराचसा आपल्या तोंडातून निघणाऱ्या शब्दांवर ठरतो. आणि यात शिव्यांइतकंच कौतुकही गडबड करतं.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांचा १९९८ सालचा अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. पाचवीतल्या मुलांना काही कोडी दिली. सोडवून झाल्यावर काहींना म्हटलं, ‘तू फार हुशार आहेस.’ काहींना म्हटलं, ‘तू खूप मेहनत घेतलेली दिसतेय.’ एका वाक्याचा फरक. मग पुढची कोडी निवडायला सांगितलं. हुशार म्हटलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनी आपण हुशार दिसू अशी सोपी कोडी घेतली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांनी काहीतरी शिकायला मिळेल अशी घेतली. त्यानंतर सगळ्यांना मुद्दाम फार अवघड कोडी देऊन हरवलं, आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखीच सोपी दिली. हुशार म्हटलेली मुलं आता स्वतःच्याच आधीच्या गुणांच्या खाली आली. आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना लिहून कळवायचे होते, त्यात या गटातल्या ३८ टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले! हुशारी ही त्यांची इस्टेट झाली होती आणि ती जपायची होती.

इथे एक सावधगिरी. या अभ्यासावर पुढे जगभर एवढा गाजावाजा झाला की ‘मेहनतीचं कौतुक करा, मूल बदलेल’ असं शिबिरांतून विकायला लागले. तसं काही होत नाही. २०१९ साली अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर मोठी चाचणी झाली. तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन धडा, विषय हाच: बुद्धी मेहनतीने वाढते. अभ्यासात मागे असलेल्यांच्या गुणांत फरक पडला, पण छोटा. एखाद्या वाक्याने छोटा फरक पडतो हेही काही कमी नाही, पण त्याला मंत्र समजू नये. आणि खोटी मेहनतीची स्तुती मुलांना लगेच कळते. जे काम डाव्या हाताने केलं त्यावर ‘किती कष्ट घेतलेस गं’ म्हटलं की त्यांना वाटतं, आपल्याला फार कच्चं समजतात.

मला तर सासूबाईंचं वाक्य या दोन्ही कौतुकांपेक्षा वरचढ वाटतं. ‘पानी कमी पडनं.’ त्यात कौतुक नाही, रागावणं नाही, धीर देणंही नाही. फाटलेल्या भाकरीचं कारण त्यांनी पोरीतून काढून पाण्यात ठेवलं. पाण्याचं काय, ते वाढवता येतं. ‘तुझं लक्ष नसतं’, ‘तू धांदरट आहेस’ यांवर मूल काय करणार? ‘पाच लिहिताना पेन्सिल वरून सुरू कर’ यावर काहीतरी करता येतं. माझ्या बालवाडीत मी आता हाच नियम ठेवलाय. चूक दाखवायची तर वस्तूत किंवा कृतीत दाखवायची आणि सोबत पुढची एक, फक्त एक, गोष्ट सांगायची. तीन सांगितल्या की मूल एकही करत नाही, मोठेही करत नाहीत.

बक्षिसाबद्दल थोडक्यात. १९७३ सालच्या एका प्रयोगात बालवाडीतल्या, ज्यांना आधीच चित्रं काढायला आवडायची अशा मुलांना सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. ते मिळालंही. काही दिवसांनी तेच रंगीत पेन वर्गात मोकळे ठेवले, तर ही मुलं त्यांच्याकडे बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ वळली. ज्यांना अचानक, न सांगता प्रमाणपत्र दिलं होतं त्यांची हौस टिकून होती. तेव्हा ‘भाकरी केलीस तर मोबाइल’ असा सौदा नको. एखाद्या दिवशी आपसूक कुल्फी आणली तर काही बिघडत नाही.

शब्दांच्याही आधी आपला चेहरा बोलतो. १९८५ साली वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. काचेखाली फूटभर खोल खड्ड्यासारखं दिसत होतं, पलीकडे आई. आई हसरी असेल तर १९ पैकी १४ बाळं तो ‘खड्डा’ ओलांडून गेली. आईने भेदरलेला चेहरा केला तर १७ पैकी एकही गेलं नाही. पोळ्याच्या दिवशी आमची पोर बैलाला पुरणपोळी भरवायला पुढे झाली, दोन पावलं गेली आणि वळून तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मला बैलांची भीती वाटते. मी शहरातच वाढलेली. मी पटकन सासऱ्यांकडे बघायला लागले, म्हणजे तिची नजर माझ्यावरून त्यांच्याकडे जावी. ते बैलाच्या कपाळावरून हात फिरवत होते. तिने पोळी दिली, बैलाची जीभ हाताला लागली म्हणून किंचाळली, आणि दुसरी पोळी मागितली. ज्या गोष्टीला आपण घाबरतो, तिथे दुसऱ्या कुणाला पुढे करावं.

पीठ आपटलं तेव्हा सासूबाईंनी ‘एवढ्याला काय रडायचं’ म्हटलं नाही, हेही राहिलं. राग डोक्यात भरलेला असताना सहा वर्षांच्या मुलाला समजावणं पाण्यावर रेघ मारण्यासारखं आहे. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो. थोडं थांबायचं, पाणी द्यायचं, मग बोलायचं. लहानांच्या बाबतीत सोंगही छान चालतं. २०१७ साली चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी मोहात पाडणारा खेळ ठेवून. ज्यांना ‘तू बॅटमॅन आहेस, बॅटमॅन मेहनत करतोय का?’ असं स्वतःला विचारायला सांगितलं, ती सगळ्यात जास्त टिकली. भुसावळला माझ्या बहिणीचा मुलगा रेल्वेवाल्यांच्या वस्तीत वाढतो, तो बॅटमॅन होत नाही, इंजिन होतो. दप्तर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढायचा कंटाळा आला की बहीण खालून शिट्टी मारते आणि मालगाडी चढणीला लागते.

सगळी मुलं मात्र शिट्टी मारली की सुटत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात निंबाला मोठा झोका बांधतात. माहेरी आलेल्या मुली, त्यांच्या पोरी, नुसता कल्ला. माझ्या नणंदेची मुलगी, पाच वर्षांची, पहिल्या दिवशी दोन तास झाडापासून लांब, ओसरीच्या खांबाला धरून उभी. सगळ्या मावश्या एकेक करून येऊन गेल्या. ‘‘ये ना गं.’’ ‘‘भित्री भागूबाई.’’ एकीने उचलून नेऊन बसवलंच, तर असा टाहो फोडला की झोकाच थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे उन्हाने आडवे झालेले, बाहेर चिटपाखरू नाही. मी पाण्याला उठले तर ही एकटी झोक्याच्या फळीला हात लावून उभी होती. ढकलायची आणि येताना पकडायची, पुन्हा ढकलायची. मग पोट टेकवलं. मग एक पाय. संध्याकाळी ती इतरांच्या रांगेत होती.

न्यू यॉर्कमधल्या अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६पासून काही मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांना सुमारे १५ टक्के मुलं अशी ‘हळू रुळणारी’ आढळली. नव्या गोष्टीपासून ती आधी मागे सरतात, पण आपल्या गतीने जवळ जाऊ दिलं तर रुळतात. ओढून नेलं तर अजून मागे जातात. लांबून बघत उभं राहणं हा त्यांचा सरावच असतो. नणंदेच्या त्या पोरीचा उत्साह टाळ्या वाजवत नव्हता, एवढाच काय तो फरक. ‘भित्री’ हा शब्द तेवढा कुणी तिला चिकटवायला नको होता.

आणि प्रत्येक त्रासाला ‘आव्हान’ म्हणू नये. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. पाचटाच्या खोपीत धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेल्या सात वर्षांच्या पोरीला ‘संकटातून शिक’ सांगणं हा निर्लज्जपणा आहे. तिला शाळा हवी, खायला हवं, भाऊ सांभाळणारं कुणीतरी हवं. माझ्या वर्गात जानेवारीत जी नावं पटावरून गळतात ती उत्साह कमी पडला म्हणून गळत नाहीत. चानकी ही ज्याच्या परातीत पीठ आहे त्याची गोष्ट आहे.

खिळ्यावरची चावी मी या दिवाळीत काढली. २०१७ सालचा एक छोटासा अभ्यास वाचला होता, पंधरा महिन्यांच्या बाळांचा: मोठं माणूस एखादी वस्तू उघडायला झटताना आणि शेवटी यश मिळवताना पाहिलेल्या बाळांनी स्वतः खेळण्याचं बटण जास्त वेळा दाबून पाहिलं. ज्यांच्यासमोर सगळं चुटकीसरशी झालं त्यांनी कमी. मग माझ्या लक्षात आलं की पोरीने मला भाकरी करताना पाहिलंय, वर्ग घेताना पाहिलंय, म्हणजे जे येतं तेच करताना. न येणारं काही करताना कधीच नाही.

तर आता कॉलनीमागच्या मैदानात संध्याकाळी नवरा मागे कॅरियर धरून पळतो आणि ही कट्ट्यावर बसून बघते. तिसऱ्या दिवशी वळताना मी गाडीसकट आडवी झाले. गुडघा सोलवटला. ती धावत आली, गुडघ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘तू वळताना खाली बघतेस.’’

खरंच बघते.